वासाच्या खोलीतली पीठबाई

बाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका दाराच्या आत त्या आणि बाहेर मी, अशी आम्ही पुष्कळ वर्षं काढली, पण त्यांचं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या गेल्यावर. त्यांना काय खायला आवडायचं, रात्री झोप लागायची का, नवरा कशाने गेला, यातलं मला काही ठाऊक नाही. मला माहीत होते ते त्यांचे केस, त्यांचं नाक आणि सकाळी दारात थांबून त्या जे दोन शब्द बोलायच्या ते. एवढ्याशा ओळखीवर कुणाबद्दल लिहू नये. पण त्यांची मुलगी म्हणाली, "काका, आईबद्दल चार ओळी लिहून द्याल? तिच्या कामावरचं मला काहीच माहीत नाही." मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, आणि लिहिणंही नाही.

आमचा कारखाना शॅम्पूचा. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस न विचारता ओळखायचा की हे तिथले. कपडे धुतले तरी वास जायचा नाही. तळमजल्यावर टाक्या होत्या, मधल्या मजल्यावर बाटल्या भरायच्या आणि खोक्यांत घालायच्या, आणि सगळ्यात वर, जिन्याच्या टोकाला, वासाची खोली होती. टाकीतला माल भरायला घेण्याआधी त्याचा नमुना त्या खोलीत जायचा. तो मी न्यायचो. छोट्या कुप्या लाकडी ट्रेमध्ये लावायच्या, जिना चढायचा, दार ठोठावायचं, ट्रे आत द्यायचा आणि बाहेर स्टुलावर बसायचं. मला समोर सगळे नमुनेवाले म्हणत, आणि पाठीमागे नुसतं नमुना.

आत तीन खुर्च्या. कुपीत कागदाची पट्टी बुडवायची, नाकाखाली धरायची आणि कपाटात जपून ठेवलेल्या मूळ वासाशी ताडून पाहायची. तिघांनी होकार दिला की खाली भराई सुरू. एकाने जरी मान हलवली तरी टाकी थांबायची. तळमजल्यावरचे सुपरवायझर, जे कुणाच्या बापाला भीत नसत, ते त्या तीन मानांकडे डोळे लावून बसलेले असत.

त्या खोलीचा एकच कडक नियम होता. तिथे बसणाऱ्याच्या अंगाला कसलाही वास असता कामा नये. सुवासिक साबण नाही, पावडर नाही, तेल नाही, तंबाखू नाही, सकाळी कांदा-लसूण नाही. शॅम्पू तर नाहीच नाही. म्हणजे गावभरच्या डोक्यांसाठी शॅम्पू पास करायचा तो या तिघांनी, आणि स्वतःचं डोकं मात्र त्याने कधी धुवायचं नाही.

त्या खोलीचे प्रमुख मास्तर. त्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता, त्यामुळे त्यांचा प्रश्न निसर्गानेच सोडवला होता. दुसरा केमिस्ट, वयाने लहान. तो केस बारीक कापून घ्यायचा आणि नळाखाली डोकं धरायचा, झालं. प्रश्न होता तो बाईंचा. त्यांचे केस कमरेच्या खाली जायचे.

बाई आधी खोकी भरण्याच्या कामावर होत्या. एकदा त्या म्हणाल्या, या बाटल्यांना वेगळा वास येतोय. बायका हसल्या. मास्तर सहज खाली आले होते, त्यांनी बाटल्या वर मागवल्या आणि बाईंचं म्हणणं खरं निघालं. मास्तरांनी त्यांना वरती घेतलं. फक्त म्हणाले, "केस तेवढे कापून या."

"केस नाही कापणार," बाई म्हणाल्या. "वास येणार नाही एवढं बघते."

"इतक्या केसांना वास येणार नाही? शॅम्पूशिवाय?"

"आला तर खाली पाठवा मला."

हे मास्तर पुढे कित्येकदा हसत हसत सांगायचे. पण बाईंसाठी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. खाली त्या दहाजणींतल्या एक होत्या. घरी सासू होती, दीर होता, आणि तिथे त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, असं मुलगी सांगते. वरती मात्र त्यांनी मान हलवली तर टाकी थांबायची. ती खुर्ची म्हणजे त्यांचं सगळं होतं, आणि ती खुर्ची त्यांच्या डोक्यावर अवलंबून होती. डोक्याच्या आतल्या नव्हे, बाहेरच्या.

सुरुवातीला त्यांचे फार हाल झाले म्हणतात. रोज नुसत्या पाण्याने धुवायच्या, आणि जितकं धुवावं तितके केस चिकट व्हायचे. टाळूला खाज. जुन्या मैत्रिणी जेवताना अंतर ठेवून बसू लागल्या. मग कुणीतरी पिठाने धुवायला सांगितलं, आणि ते मानवलं. तेव्हापासून खालच्या बायकांनी त्यांचं नाव ठेवलं पीठबाई. "आली बघ पीठबाई, आज डोक्याची पोळी लाटली की भाकरी?" बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि जिना चढत.

हे धुणं नेमकं कसं, ते मला कळलं ते माझ्या बायकोमुळे. आम्हाला कारखान्यातून दरमहा शॅम्पूची बाटली मिळायची. बायकोच्या मानेवर आणि कानामागे पुरळ उठायला लागलं. डॉक्टरांनी शॅम्पू बंद करायला सांगितलं. पण मग धुवायचं कशाने, ते सांगितलं नाही.

"तुमच्या त्या बाईंना विचारा," बायको म्हणाली.

विचारतो, विचारतो करत मी उन्हाळा घालवला. बायको म्हणायची, "रोज त्यांच्या दारात बसता आणि एक शब्द विचारता येत नाही? दगडालासुद्धा एव्हाना तोंड फुटलं असतं." शेवटी एकदा जिन्यात गाठ पडली.

"बाई, एक विचारायचं होतं."

"रजा पाहिजे का? ती मास्तर देतात."

"नाही. केसांचं."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे विचारण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं.

"माझ्या नाही," मी म्हणालो. "घरी."

त्या पायरीवर थांबल्या आणि सलग एवढं बोलल्या, की इतकं त्या माझ्याशी ना त्याआधी कधी बोलल्या, ना नंतर. पीठ ताजं घ्यायचं आणि बारीक चाळायचं, नाहीतर कोंडा केसांत अडकतो आणि लोक म्हणतात कोंडा झालाय. पाण्यात कालवून दुधाइतकं पातळ करायचं. पाणी कोमटच हवं. "कढत घेतलंत तर डोक्यावर खळ शिजेल. मग बसा खरवडत." मुळाशी लावायचं, टोकांना नाही. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी चोळायचं. मग पाणी, भरपूर पाणी, कंटाळा येईपर्यंत. शेवटच्या तांब्यात चमचाभर व्हिनेगर, म्हणजे केस मोकळे होतात. त्याचा वास केस वाळले की जातो. आणि रोज रात्री लाकडी कंगव्याने मुळापासून टोकापर्यंत विंचरायचं, म्हणजे टाळूचं तेल खाली उतरतं.

"आणि किती दिवसांनी धुवायचं?"

"आठवड्यातून एकदाच. फार घाम आला तर मध्ये नुसत्या पाण्याने. पण आधी डोकं ऐकत नाही. रोज शॅम्पूची सवय लागलेलं डोकं तेल सोडत राहतं. महिना-दोन महिने वहिनींचे केस चिकट होतील, त्यांना स्वतःचीच किळस येईल. तेव्हा घरात त्यांना कुणी काही बोलू नका."

"तुम्हाला बोललं का कुणी?"

"बोललं नाही असं कोण आहे?" त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

बायकोचं पुरळ गेलं. तिने बाईंना निरोप सांगायला सांगितला की फार बरं वाटलं. तो निरोप सांगायला मला आणखी एक महिना लागला.

बाईंच्या घरी मात्र कुणाला बरं वाटत नव्हतं. पुढे सासू गेली, दीर वेगळा झाला, नवराही गेला, आणि घरात उरल्या मायलेकी. मुलीला लहानपणापासून आईच्या केसांची लाज वाटायची. शाळेतल्या मुली म्हणायच्या, तुझ्या आईच्या डोक्याला आंबट वास येतो. धुतल्या दिवशी थोडा येतही असेल. मुलगी कारखान्याची बाटली वापरायची आणि म्हणून बाईंनी तिची उशी, टॉवेल, कंगवा सगळं वेगळं ठेवलं होतं. मुलगी मला म्हणाली, "काका, माझ्या केसांचा वास लागू नये म्हणून आईने मला कधी कुशीत घेऊन झोपवलं नाही." तिने हे रागाने सांगितलं नाही. रागाने सांगितलं असतं तर ऐकायला सोपं गेलं असतं.

एका वर्षी बाईंना मोठा ताप आला. बरेच दिवस कामावर नव्हत्या. परत आल्या त्या अर्ध्या होऊन. पहिल्याच सकाळी दारात थांबल्या, माझ्याकडे डोकं किंचित झुकवलं आणि म्हणाल्या, "बघा हो नमुनेवाले, डोक्याला काही वास नाही ना येत?"

मी गडबडलो. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी असं विचारलं नव्हतं. अंतर राखून नाक पुढे केलं. "नाही येत."

"मग बरं."

तेव्हापासून रोज हेच. रोज सकाळी दारात थांबायच्या, विचारायच्या, मी नाही येत म्हणायचो, त्या मग बरं म्हणून आत जायच्या. मला वाटलं, बाई आता मला माणसांत धरायला लागल्या. मला त्याचं सुख वाटायचं. सकाळी घरून निघताना मी तंबाखूसुद्धा खायचो नाही, नाक साफ राहावं म्हणून. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वा, तुम्हालाही बढती मिळाली म्हणायची."

खरं असं होतं की त्या तापात बाईंचं नाक गेलं होतं. कसलाच वास येत नव्हता. दुधाचा नाही, धुराचा नाही, शॅम्पूचा नाही. आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मग त्या खोलीत काय करत होत्या? ते पुढे केमिस्टने मला सांगितलं. पूर्वी तिघे आपापलं मत एकदम सांगायचे. तापातून आल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं आधी सांगा. माझं शेवटी." मास्तरांना ते पटलं. त्यांना वाटलं, बाई आता मुरल्या, उथळपणे बोलत नाहीत. बाई पट्टी नाकाखाली धरायच्या, डोळे मात्र उघडे असायचे. मास्तरांचं तोंड बघायचं, केमिस्टचं तोंड बघायचं, आणि मग सावकाश मान डोलवायची. दोघांचं जमलं नाही तर म्हणायचं, "पुन्हा एकदा घ्या." दोनदा घेतलं की दोघांचं जमायचं. केमिस्ट म्हणाला, "खोटं कशाला बोलू, त्या दिवसांइतका मान बाईंना आधी कधी नव्हता. मास्तर मला म्हणायचे, शीक जरा त्यांच्याकडून, नाक असं असावं."

आणि मालही चांगला निघत होता. कुणाची तक्रार नव्हती.

याच दिवसांत एकदा केमिस्टची दाढ ठणकत होती. मोठी टाकी तयार होती, ऑर्डर घाईची होती. त्याने पट्टी नाकाशी धरली, म्हणाला ठीक आहे, आणि नेमकी त्याच क्षणी दाढेतून कळ गेली. तोंड कडू झालं. मास्तरही ठीक म्हणाले होते. बाईंनी केमिस्टचा चेहरा पाहिला. बराच वेळ पट्टी धरून बसल्या. मग म्हणाल्या, "मला नाही बरं वाटत. परत पाठवा."

मास्तरांनी पट्टी पुन्हा घेतली. पुन्हा हुंगली. कपाळाला आठ्या घातल्या.

"हो की," ते म्हणाले. "मागून येतोय. कडवट. सुरुवातीला कळत नाही, मागून येतो." मग केमिस्टकडे वळले. "तुझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"येतोय थोडासा," केमिस्ट म्हणाला. मला सांगताना तो म्हणाला, "आणि खरंच सांगतो, तेव्हा मला आलासुद्धा."

ती अख्खी टाकी ओतून दिली. मागच्या गटारातून कितीतरी दिवस फेस वाहत होता. पलीकडच्या गल्लीतली मुलं त्यात खेळायची. खालचे सुपरवायझर चडफडले, पण वासाच्या खोलीपुढे कोण बोलणार? मास्तरांनी वर कळवलं की आमच्या बाईंच्या नाकामुळे कारखान्याची अब्रू वाचली.

आता मुलीचं. ती एका ऑफिसात लागली होती. तिथल्या मैत्रिणी रविवारी घरी जेवायला येणार होत्या. रविवार हा बाईंचा केस धुवायचा दिवस. मुलगी म्हणाली, "आई, या वेळी राहू दे, नाहीतर घरभर आंबट वास." बाई म्हणाल्या, "सोमवारी मला कामावर जायचंय. धुवायलाच हवेत." मुलीने पुढे वाद घातला नाही. तिने न्हाणीघरातल्या व्हिनेगरच्या बाटलीत आपल्या सेंटची अर्धी कुपी ओतली. तिला वाटलं होतं, आईने झाकण उघडलं की तिला कळेल, ती ओरडेल, नवी बाटली काढेल, आणि निदान आपलं म्हणणं तिच्या कानावर जाईल. बाईंनी झाकण उघडलं, चमचा भरला, तांब्यात घातला, डोक्यावर ओतला.

मुलगी मला म्हणाली, "ती केस पुसत बाहेर आली आणि काहीच बोलली नाही. अख्ख्या घरात घमघमाट. मैत्रिणी म्हणाल्या, काकूंचे केस किती छान आहेत, काय वापरता? आई म्हणाली, पीठ. सगळ्या हसल्या. आईपण हसली. काका, मला वाटलं तिने माझ्यासाठी केलं. जाणूनबुजून केलं. मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी."

हे लिहू का म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली लिहा.

त्या सोमवारी मी रजेवर होतो. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. माझ्या जागी टाकीवरचा एकजण ट्रे घेऊन गेला होता, आणि त्याला बाईंनी काही विचारलं नाही. मी असतो तर त्यांनी विचारलं असतं आणि मी येतोय म्हणालो असतो. असं मला वाटतं. पण रोज नाही येत म्हणायची सवय झालेल्या तोंडाचं काही सांगता येत नाही.

बाई आत गेल्या आणि खोली वासाने भरून गेली. केमिस्टने वर पाहिलं. मास्तर काहीतरी वाचत होते, तेही थांबले.

"बाई, आज काय लावून आलात?"

"काही नाही. नेहमीचं. पीठ."

"थट्टा करताय का?"

"मी कशाला थट्टा करू तुमची?"

मास्तर हसले. त्यांना खरंच वाटलं की बाई आमची परीक्षा घेतायत. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू मावळलं. बाई त्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या, रोज बघायच्या तशा, आणि केमिस्ट म्हणतो, त्या क्षणी त्याला सगळं कळलं. दाढेसकट.

मास्तरांनी दोन पट्ट्या घेतल्या. एक पाण्यात बुडवली, एक सगळ्यात उग्र कुपीत. दोन्ही बाईंच्या हातात दिल्या. "यातली पाण्याची कुठली?" असं म्हणाले आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. केमिस्टला म्हणाले, "तूही फिर."

बाई दोन पाठींसमोर दोन पट्ट्या धरून बसल्या. किती वेळ ते केमिस्टला सांगता आलं नाही. मग पट्ट्या टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"वळा आता," बाई म्हणाल्या. "नाही सांगता येत."

"केव्हापासून?"

"ताप आला होता ना मला, तेव्हापासून."

मास्तर मोजून-मापून बोलणारे गृहस्थ. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "आणि ती टाकी?"

"यांचं तोंड वाकडं झालं होतं," बाई म्हणाल्या.

"माझी दाढ दुखत होती," केमिस्ट म्हणाला.

मला वाटतं, बाईंना नाक नाही हे मास्तरांनी माफ केलं असतं. आजारपण आहे, कुणालाही येतं. पण त्या टाकीत नसलेला कडवटपणा आपल्याला आला, मागून आला, हे त्यांना स्वतःला माफ करता येत नव्हतं, आणि स्वतःला करता येत नाही ते माणूस दुसऱ्याला कुठून करणार? त्यांनी वर कळवताना टाकीचा उल्लेख केला नाही. वयोमानामुळे बाईंना हलक्या कामावर घ्यावं, एवढंच कळवलं. बाईही टाकीबद्दल कधी बोलल्या नाहीत. मास्तरांची अब्रू त्यांनी राखली, पण त्याबद्दल मास्तरांनी त्यांच्याकडे पुन्हा मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या खुर्चीवर कुणाला आणलं नाही. दोघांवर काम भागतं हे दिसून आलंच होतं. खुर्ची बाहेर काढली आणि मला दिली. मी इतकी वर्षं स्टुलावर बसत होतो. पहिले काही दिवस बसलो नाही. मग बसलो. पाठीला आराम वाटला.

बाई परत खोकी भरायला गेल्या. जिथून उठून गेल्या होत्या त्याच बाकावर. जुन्या मैत्रिणी निवृत्त झाल्या होत्या, नव्या मुलींना फक्त नाव माहीत होतं.

"पीठबाई, आता कशाला पीठ? आता लावा की आपला शॅम्पू. फुकट मिळतो."

"नको."

"अहो, आता कोण हुंगतंय तुम्हाला?"

त्या पुढचं खोकं ओढून घेत. मी ट्रे घेऊन खालून जाताना हे ऐकायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत धीर करून त्यांच्या बाकापाशी थांबलो. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणालो, "अजून आठवड्यातून एकदाच का?"

"हो."

"आता तसं काही बंधन नाही ना."

त्यांनी हातातलं खोकं पूर्ण केलं, चिकटपट्टी लावली. "डॉक्टर म्हणाले, कधीकधी नाक परत येतं. एकदम येतं. सकाळी उठावं आणि यावं." मग अगदी हळू म्हणाल्या, "तेव्हा डोक्याला वास नको."

त्यांनी मुलीला काही विचारलं नाही. खोलीत सगळं उघडं पडलं त्या सोमवारी संध्याकाळी घरी आल्या, व्हिनेगरची बाटली मोरीत ओतली, धुतली, उपडी घातली. मुलगी समोर उभी होती. तिने विचारलं, काय झालं? बाई म्हणाल्या, "जुनं झालं होतं." पुढे बाकावरच्या कुणीतरी मुलीच्या कानावर सगळं घातलं. मुलगी लग्न करून दूर गेली. फोन करायची, पण त्या बाटलीचा विषय दोघींपैकी कुणीही काढला नाही. ती म्हणते, आईने एकदा तरी शिव्या द्यायला हव्या होत्या.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्याने रिवाजाप्रमाणे शॅम्पूच्या बाटल्यांचं मोठं खोकं दिलं. मास्तरांनी भाषण करायचं होतं, त्यांचा घसा बसला होता. बाईंनी खोकं दोन्ही हातांनी घेतलं, सगळ्यांना नमस्कार केला, फाटकापर्यंत नेलं आणि वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलं. "वाटून टाका," म्हणाल्या. वॉचमनला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

त्या गेल्याचं मला मुलीच्या फोनने कळलं. छातीत दुखलं, शेजारी दवाखान्यात घेऊन गेले, तेवढंच. मी घरी गेलो. मुलगी आईच्या वस्तू आवरत होती. न्हाणीघराच्या फळीवर लाकडी कंगवा होता, व्हिनेगरची बाटली होती आणि पिठाचा डबा. मुलीने डबा उघडला आणि तोंड फिरवलं. पीठ केव्हाचं खराब झालं होतं. जाळी धरली होती, आणि असा कुबट दर्प आला की आम्ही दोघेही मागे सरलो. "याने धुवायची?" मुलगी म्हणाली. मला ते आधीच माहीत होतं.

त्याच्या थोडे दिवस आधी आमची शेवटची भेट झाली होती. किराणा दुकानात रांगेत मी उभा होतो आणि माझ्या पुढे दोन माणसं सोडून एक बाई होती. तिच्या मागचा माणूस वळून माझ्याकडे बघून नाक मुरडत होता. मग तो रांग सोडून दुसरीकडे गेला, दुसराही गेला, आणि मी पुढे सरकलो. बाईच होत्या त्या. केस पांढरे झाले होते, पण अजून कमरेपर्यंत होते आणि नीट विंचरलेले होते. त्या केसांना जुन्या, ओल धरलेल्या पिठाचा वास येत होता. चार हातांवरून कळत होता.

त्यांनी वळून पाहिलं. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"नमुनेवाले का? बरे आहात?"

"बरा आहे. तुम्ही?"

"आहे." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रांगेतली रिकामी जागा पाहिली, आणि माझ्याकडे डोकं किंचित झुकवलं. "बघा हो, डोक्याला काही वास नाही ना येत?"

"नाही येत."

"मग बरं." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "वहिनींचं डोकं कसं आहे?"

"छान आहे."

"आठवड्यातून एकदाच म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.